आधी पऱ्हाटी

सुरतहून फोनवर तू सांगतेस:
आधी पऱ्हाटी, वीतभर मोडून.
मग तुराट्या. गोवरी उभी लावा,
आडवी रुसते.
बाभळीचं खोड सगळ्यात शेवटी,
त्याला घाई चालत नाही.

एरंडोलला आज दव पडलंय,
तुराट्या ओलसर.
तीन काड्या गेल्या. फुंकणी तोंडाला लावून
मी, एसटीचा रिटायर कंडक्टर,
दोनदा फुंकतो, थांबतो,
डबल बेल दिल्यासारखा.

राख रोज काढत जा, म्हणतेस,
पण सगळी नको, तळाशी मूठभर राहू द्या.
आणि औलाजवळची ती चीर,
पांढऱ्या मातीत शेण कालवून लिंपा.

"पेटली का?"
"नाही अजून," मी म्हणतो.
कणसांची बुरकुंडं केव्हाची तडतडतायत,
चहा उतू जाऊन
निखारे चुरचुरलेसुद्धा.
तू परत पहिल्यापासून सुरू करतेस,
आधी पऱ्हाटी...
मागे नातीचं रडणं, कुकरची शिट्टी.

संध्याकाळी चीर लिंपली.
तुझ्या चार बोटांच्या जुन्या रेघांवर
माझा अंगठा उठलाय,
आडवा.
येशील तेव्हा ओरड.