त्रेसष्ट तास

मोंतेविदेओच्या उत्तरेला आमची वसाहत :
बेचाळीस घरं, एक सभागृह,
आणि यंदाची चिटणीस मी.
नियम साधा. पाहुणा नव्वद दिवस.
एक्याण्णवाव्या दिवशी अर्ज,
आणि अर्जात बोटाच्या पेराएवढा रकाना,
सभासदाशी नातं.

नेलिदानं बाकी सगळं भरलंय.
नाव : इर्मा कोरुखेदो. वय : एक्याऐंशी.
सामान : एक ट्रंक, शिलाई मशीन.
"पोपट होता, तो मेला, तेवढं लिहून टाक,"
म्हणाली, पण हसली नाही.
नात्यापुढे मात्र
नुसता पेन टेकवल्याचा ठिपका.

मला माहीत होतं. सगळ्यांनाच होतं.
नेलिदाशी लग्न करायच्या आधी
विल्सन इर्माकडे राहायचा,
आणि आधी कधी संपलं, नंतर कधी सुरू झालं,
हे त्या तिघांनी कुणाला विचारू दिलं नाही.
विल्सनला जाऊन तीन वर्षं झाली.
इर्माची खोली मालकानं विकली,
आणि नेलिदा दोन बस बदलून
स्वतः तिला घेऊन आली.
"का गं?" मी विचारलं.
"रात्री कुणी खोकल्यासारखं वाटतं.
तो खोकला ओळखणारं
दुसरं कोण उरलंय?"

हे रकान्यात मावत नाही.

रविवारी सभा. दक्षिणेचा वारा,
दारं आपटतायत, प्रत्येकाच्या काखेत थर्मास.
रुबेन म्हणाला, "टाकी एक, मीटर एक.
आज ही, उद्या माझा मेहुणा."
खोटं नव्हतं ते. त्याचा मेहुणा आलाच असता.
मिर्ता म्हणाली, "ऐंशीची बाई पिऊन पिऊन किती पाणी पिणार?"
आणि मग सगळे एकदम बोलू लागले.

आदल्या रात्री मी जुनी हजेरी काढली होती,
कशासाठी, ते नीट सांगता येणार नाही.
सन त्र्याहत्तर. घरटी आठवड्याला एकवीस तास श्रम.
मी तेव्हा सात वर्षांची,
फुटक्या विटा वेगळ्या काढायचे.
कुठलं घर कुणाचं, ठाऊक नव्हतं,
चिठ्ठ्या शेवटी पडणार होत्या,
म्हणून जो तो प्रत्येक भिंत आपलीच समजून रचायचा,
निदान आम्ही पोरांना तसं सांगतो.
त्या जूनमध्ये विल्सनची कंबर धरली होती.
त्याच्या नावापुढे तीन आठवडे
दुसऱ्याच हाताचं अक्षर :
इ. एकवीस.
इ. एकवीस.
इ. एकवीस.

मी उभी राहिले, वाचलं, बसले.
मागच्या बाकावर कुणाचे तरी ओठ
बेरीज करताना हलले.
नेलिदा रुमालाची घडी घालत राहिली,
तिला माहीत होतं की नाही
ते मला आजही कळलेलं नाही.

तेवढा वेळ दाराकडे बघत बसलेली इर्मा म्हणाली,
"धुण्याच्या खोलीची मागची भिंत ना?
वाकडी झाली होती ती.
ओळंबा कसा धरायचा, मला कुणी दाखवलंच नव्हतं."

पन्नास वर्षं ती भिंत
रुबेनच्या बापाच्या नावावर होती.
बारशाला, लग्नाला, मयताला
कुणी ना कुणी ती काढायचंच,
आणि म्हातारा शेवटच्या आजारातही
बोटं मोडून सांगायचा, मी नाही, मी नाही.
रुबेन खाली बसला.
चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

मतं पडली एकतीस विरुद्ध सहा, बाकी तटस्थ.
रुबेननं हात वर केला की डोकं खाजवलं
कोण जाणे, मी बाजूनं धरलं.

अर्ज मुख्य कचेरीतून दोनदा परत आलाय,
रकाना कोरा म्हणून.
तो माझ्या खणात आहे, विजेच्या बिलांखाली.

धुण्याचा वार एकच उरला होता, मंगळवार.
आज रुबेन तिथून जाता जाता थांबला.
"त्या खिळ्याला ओझं देऊ नका, बाई.
भिंत भरवशाची नाही."
"माझी आहे," इर्मा म्हणाली,
आणि ओली चादर
अख्खी
तिच्यावर टाकली.