बाराचं ऊन

पुस्तकात लिहिलंय: सूर्य बुडण्याआधीचा पाऊण तास.
वडील म्हणायचे, गिऱ्हाईक मोकळं असेल तो मुहूर्त.
त्यांचा स्टुडिओ बंद खोलीतला, पडद्यावर रंगवलेला ताजमहाल,
सूर्याशी त्यांना व्यवहारच करावा लागला नाही.

मला लागतो.
वेंगुर्ल्याहून निवतीपर्यंत स्कूटर,
पोटाशी कॅमेऱ्याची बॅग, बॅगेत तांदळाची पुरचुंडी,
कारण खाऱ्या हवेला लेन्समध्ये बुरशी धरायची घाई असते.

शेवंती खवणेकरणीला फोटो हवा होता.
भिंतीवरचा. मेल्यानंतरचा, पण जिवंतपणी काढलेला.
"घोवाचा काय केल्यानी, ठावक आसा?
भाच्याच्या लग्नातलो फोटो कापून लावल्यानी."

पहिल्यांदा सकाळी सातला गेलो.
आमच्याकडे सूर्य समुद्रातून येत नाही,
डोंगराच्या पाठीमागून, माडांवरून, उशिरा पोचतो पुळणीवर,
ग्रामसेवकासारखा.
तोवर सगळं निळसर, ओलं.
चेहऱ्याला वाईट नसतो हा उजेड.
पण तिच्या हातात रापणीचा दोर होता,
आणि दोर ओढणाऱ्या बाईला
"हनुवटी जरा वर" म्हणता येत नाही.

मग संध्याकाळी. पुस्तकातला पाऊण तास.
पाण्यावरून आडवा आला उजेड, पिकल्या बोंडूच्या रंगाचा,
किनाऱ्यावरच्या कुत्र्यांच्या कानांच्या कडासुद्धा पेटल्या.
नेमक्या तेव्हाच होड्या टेकल्या.
लिलावाच्या कड्यात ती, कमरेला पदर खोचलेला,
एका सुरमईवरून मालवणच्या व्यापाऱ्याचे सात पिढ्यांचे हिशेब काढत.
एक फोटो काढलाच मी.
तोंड उघडं, हात हवेत, गालावर सोनं.
अप्रतिम.
भिंतीवर नाही चालणार. नातवंडं त्या खोलीत झोपायची नाहीत.

"माका दुपारीच वेळ गावता. बाराक ये."

बारा!
बाराला डोळ्यांच्या जागी दोन विहिरी होतात,
नाकाची सावली ओठांवर मिशी होऊन बसते,
कपाळ चकाकतं कल्हई केलेल्या टोपासारखं.
हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मगे? मी काय नवरी आसय?"

गेलो.
न्हाऊन आली होती. धुवट निळं लुगडं, अबोलीचा वळेसर.
ओंडक्यांवर चढवलेली एक होडी, डांबराचा वास,
तिच्या सावलीत टेकली पाय पसरून,
दिवसातून पहिल्यांदाच बसली असावी अशी.

मी वैतागून कॅमेरा डोळ्याला लावला
आणि थांबलो.
समोरच्या पांढऱ्या वाळूवर आपटलेलं ऊन
उलटं फिरून, खालून, हळू
तिच्या चेहऱ्यावर येत होतं.
विहिरी भरल्या.
सुरकुत्या होत्या तिथेच राहिल्या,
फक्त त्या कोणी मोजत नव्हतं.

"दर्याकडे बघू काय तुज्याकडे?"
"मधे कुठेतरी."
"मधे काय्येक नाय."
तेव्हा काढला.

आठवड्याने फ्रेम करून नेला.
तिने हात लांब करून पाहिला, मग जवळून.
"कान बरे इले."
मग भिंतीवरचा घोव खाली उतरवला, पदराने काच पुसली.
त्याच्या उजव्या खांद्यावर चार बोटं,
एका बोटात अंगठी, मनगटाशी फोटो संपलेला.
"ह्यो हात काढूक जमात?"
"दोन मिनिटांचं काम. कोणाचा?"
"ठावक नाय."
ती बघत राहिली. काचेवर बोंडूचा रंग चढायला लागला होता,
मी सवयीने घड्याळ पाहिलं: पावणेसहा.
"रवांदे," ती म्हणाली.
"कोणाचो तरी आसा खांद्यार."

घोव परत खिळ्यावर गेला, जरा तिरका.
भिंतीला दुसरा खिळा नव्हता.
बाहेर होड्या टेकल्याची हाक आली
तशी तिने टोपली उचलली,
स्वतःला वर्तमानपत्रात गुंडाळून खाटेखाली सरकवलं:
"ह्येका अजून वेळ आसा."