मोडशी

शुक्रवारच्या बाजारातून, चवरीसांच्या वासासकट,
एर्मेलिंदबाय नोरोन्हा घेऊन आली
प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोश.
भावाचा, म्हणाली. बोटीवर होता.
पुस्तक तेवढं परत आलं.
पुढे ती बोलली नाही, मी विचारलं नाही.
कणा निखळलेला, कडा कसरीनं खाल्लेल्या,
आत इंग्रजांनी इथे वापरलेले
आणि जाताना टाकून दिलेले शब्द.
"बांदून दी. वाचपाक न्हय, दवरपाक."

म्हापशात एकतीस वर्षं पुस्तकं बांधतो मी.
वाचणारा बांधणारा उपाशी मरतो,
आमचे शाणूमास्तर सांगायचे,
आणि स्वतः वाचतावाचताच गेले.
खळ शिजवली, चिमूटभर मोरचूद घातलं,
आणि ती निवेपर्यंतच, म्हणून पान उघडलं.

कँडी.
मला वाटलं, फेस्ताच्या फेरीतली, खाज्याच्या शेजारी ठेवतात ती.
तर नाही. वजन. वीस मण.
अगं, तू तर आमची खंडी,
भाटकाराच्या वहीत बापाच्या नावावर चढत गेलेली!
पोर्तुगीजांच्या तोंडात तिचा कांदील झाला,
इंग्रजांनी तो विझवून कँडी केली.
त्याखाली कोर्ज: वीस नग.
मामा कौलं मोजायचा ती कोडी, म्हणे, हीच.
मग पाटेमार,
शिवोलीच्या खाडीत कुशीवर झोपलेली पत्तेमारी.
मी एकटाच हसत होतो, दुकानात,
गावातली माणसं परक्याच्या लग्नात
सूटबूट घालून भेटावीत तसा.

खळीवर साय धरली तरी मी पानं उलटत होतो.

आणि हा एक. मोर-दे-शियँ.
अर्थ: कुत्र्याचं मरण.
जुन्या खलाशांचा शब्द, पटकीसाठी.
सकाळी धडधाकट माणूस, रात्री चादरीत बांधलेला.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत खुलासा,
की यात कुत्रा नाही, कधीच नव्हता.
फ्रेंचांनी तो ऐकण्यात घुसवला.
त्याआधी पोर्तुगीज म्हणत मोर्देशी,
आणि त्यांनी तो उचलला इथूनच, या किनाऱ्यावरून,
जिथे लोक म्हणत

मोडशी.

मी कोश मिटला. पुन्हा उघडला.
मोडशी म्हणजे बाबनी, माझा धाकटा,
बरका फणस अर्धा एकट्यानं खाऊन
ओसरीवर आडवा, गुडघे पोटाशी.
आवडूमावशी मीठ-मिरच्या ओवाळतेय,
ओवा चावून त्याच्या तोंडात भरवतेय,
"मोडशी जाल्या पोराक, आनी कितें न्हय!"
मोडणं. अंग मोडतं, पोट मोडतं.
एवढा साधा, घरचा, ओव्याच्या वासाचा शब्द,
आणि तीनशे वर्षं परमुलखात
कुत्र्याचं मरण होऊन हिंडत होता.
कोणी त्याला थांबवून नाव विचारलं नसेल.

बाबनीही पोर्तुगीज कागदांवरच गेला.
आजोबांचा जन्मदाखला पणजीच्या कचेरीत शोधला,
लिस्बनचा शिक्का, मग सरळ इंग्लंड, स्विंडन.
रात्रपाळीला गोदामात खोकी मोजतो.
तिथे त्याला बॉब म्हणतात.
मी एकदा विचारलं, तुला चालतं?
म्हणाला, पगार त्याच नावावर येतो.

त्या पानाला कसरीचं भोक होतं,
शब्दाच्या एका अक्षराला घासून गेलेलं.
पातळ कागदाची ठिगळी लावली, बोटानं दाबली.
सगळ्या कडा कापल्या, एवढं पान कापलं नाही.
त्यामुळे ते जरा बाहेर डोकावतं.
शाणूमास्तर असते तर कान पिळला असता.

रात्री पानाचा फोटो बाबनीला पाठवला.
दोन निळ्या खुणा. बराच वेळ काही नाही.
मग, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत असेल,
देवनागरीत, चुकत चुकत:
"ओवा सपला हांगा. धाड."

एर्मेलिंदबाय सोमवारी आली.
पुस्तक छातीशी धरून वास घेतला तिनं,
बाहेर आलेल्या पानावरून अंगठा फिरवला.
"हें कितें?"
म्हटलं, राहू दे, बाय. ते इथलंच आहे.