दर शब्दाला आठ रुपये

पुण्याहून चिंचणीकर मॅडमची यादी येते
आणि मी तेरमध्ये, पंख्याखाली,
कागद उडू नयेत म्हणून तेरणेतला गोटा ठेवून
ग्रीक फोडत बसतो.

हायड्रोजन.
हायड्रो म्हणजे पाणी, जेन म्हणजे जन्म देणारा.
लिहिलं : उदजन.
आणि हात थांबला.
उद नि हायड्रो, जन नि जेन,
ही तर एकाच घरची पोरं.
कधीतरी वाटण्या झाल्या,
एकानं जाताना अंगावर ‘ह’ची शाल घेतली
नि पार मावळतीकडे गेला.
आता मी भावाची भावाशी ओळख करून देतोय,
आठ रुपये घेऊन.

मॅडमचा निरोप आला :
असं कुणी म्हणत नाही, हायड्रोजनच ठेवा.
ठेवला.
उदजनवर उदक सोडलं.

सेंटरला केंद्र लिहिलं, ते मात्र बिनबोभाट चाललं.
तेही सेंटरच्याच गावचं,
जुन्या ज्योतिषांच्या पोथ्यांतून इथं उतरलेलं.
इतकी वर्षं राहिलं की त्याचं रेशनकार्ड निघालं :
केंद्र शाळा, आरोग्य केंद्र, खत विक्री केंद्र.
म्युझियममध्ये काचेआड
समुद्रापलीकडच्या रांजणाचा एक कान आहे,
त्याच्याखाली अजून ‘परदेशी’ लिहिलंय.
तोही आला असेल त्याच सुमाराला,
बैलगाडीतून, भाताच्या पेंढ्यात.

मग थर्मामीटर.
थर्म म्हणजे घर्म, म्हणजे आपला घाम.
बाहेर बेचाळीस अंश,
घाममापी लिहावं असं फार वाटलं.
‘तापमापी’ तयारच होता, तोच टिपला.

त्याच संध्याकाळी गुंडाप्पा कुंभाराचं धाकटं तापलं.
आशाताई शेषाबाई आली,
पिशवीतून काच काढली, झटकली,
“काखंत धर रं. हलू नगं.”
मग माझ्याकडं वळून :
“गुर्जी, चष्मा हाय न्हवं? येवढी तापकाडी वाचा बरं.”

उजेडाकडं फिरवत फिरवत पारा सापडला.
एकशे दोन.
हा शब्द कुणी दिला, मी विचारलं.
“कुणी म्हंजी? काडीच की ती,”
म्हणाली, आणि फडकं पिळून
पोराच्या कपाळावर ठेवलं.

रात्री यादी काढली.
तापमापीच्या पुढं, समासात,
पेन्सिलीनं लिहिलं : तापकाडी.
मॅडम खोडतील.
खोडलेल्या शब्दाचे पैसे मिळतात का,
हे विचारायचं राहिलंय.
आणि मिळालेच, तर ते शेषाबाईचे.