मेंढीचा कान

बाहेर उणे सत्तावीस. हे नक्की,
कारण खिडकीबाहेरचा पारा
कुठल्याच अपग्रेडला विचारून उतरत नाही.

आतलं मात्र कुणी सांगत नाही.
नारिनच्या जलमापन कचेरीत, टेबलाखाली,
नदीची एकोणीस वर्षं पोटात घेऊन बसलेली ही जुनी पेटी
संध्याकाळपर्यंत स्वतःचा ताप स्वतः सांगायची.
मी नवी सिस्टिम चढवली.
दीड तास पट्टी सरकत राहिली, शंभर टक्के झाली,
पेटी बंद होऊन पुन्हा उठली,
आणि विचारलं तर म्हणते:
एकही सेन्सर सापडला नाही.

म्हणून पंखे सगळे पूर्ण वेगात.
काय होतंय हे ज्याला कळत नाही
तो आधीच ओरडून ठेवतो, तसे.

शोधणारा प्रोग्राम चालवला. तो दारोदार जातो,
पत्त्या-पत्त्यावर टकटक करतो:
आहे का कुणी? नाही. आहे का? नाही.
मध्येच बजावतो, या दाराशी जपून, यंत्र गोठू शकतं.
मी हो म्हटलं.
गोठण्याचं भय नारिनमध्ये कुणाला सांगता.

चिप तिथेच होती. नखाएवढी, काळी,
टॉर्च धरून नंबर माझ्या डोळ्यांनी वाचला.
ड्रायव्हरही जागेवर.
फक्त नव्या कर्नलचं म्हणणं असं
की तो पत्ता फर्मवेअरच्या नावावर आहे,
एका खोलीत दोन भाडेकरू चालायचे नाहीत.
जुन्यालाही हे ठाऊक असणार.
तो काणाडोळा करायचा.

तोक्तोसुन कोळशाची बादली घेऊन आला. रात्रीचा राखणदार,
त्याआधी तीस उन्हाळे सोन-कुलच्या कुरणांवर, मेंढ्यांमागे.
"काय हरवलंय, बुरुल?"
"हिला ताप किती, ते कळत नाही."
त्यानं हातमोजे दातांनी ओढून काढले,
आधी शेगडीपाशी जाऊन बोटं शेकली, सावकाश,
मग गुडघ्यांवर बसून
पेटीच्या कडेला टेकवली.
"मेंढीचं कानात कळतं. हिचा कान कुठे?"
"तोच तर सापडत नाही."
"मग चाळीस धर. आजारी नाही. बावरलीय नुसती."

सुरू होतानाच्या आज्ञेत मी एक शब्द वाढवला.
त्याचा अर्थ एवढाच: जरा सैल घे.
पुन्हा चालू. मॉड्यूलला हाक मारली,
तीनदा नाव चुकलं, बोटं बधिर,
चौथ्यांदा

पंखे उतरले.
इतके एकदम, की शेगडीतला कोळसा तडकलेला ऐकू आला.
पडद्यावर आकडे:
प्रोसेसर एकेचाळीस. बोर्ड चौतीस.
आणि तिसऱ्या ओळीत एकशे सत्तावीस.

हात सरळ बटणाकडे गेला.
मग थांबले. बोर्डाचा नकाशा काढला, बोट ठेवून बघितलं.
तिसऱ्या पिनेला काहीच जोडलेलं नाही.
कधीच नव्हतं. जिथे तारच नाही
तिथे सगळ्यात जास्त ताप.

हे तोक्तोसुनला समजावलं, जमेल तसं.
वाटलं हसेल. त्यानं चहा ओतला,
अर्धाच पेला, पाहुण्याला देतात तसा.
"माझा थोरला मॉस्कोत असतो," म्हणाला,
आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

ती ओळ दुर्लक्षाच्या यादीत टाकायची आहे.
फाइल उघडी आहे. कर्सर लुकलुकतोय.
चहा पिऊन टाकते म्हटलं.

"पहिला आकडा किती म्हणालीस?"
"एकेचाळीस."
"मी चाळीस म्हटलं होतं."
"हो."
त्यानं आपली बोटं उलटसुलट करून पाहिली.
"शेकून आलो होतो ना," म्हणाला,
"गार हातानं आजाऱ्याला शिवू नये.
त्यात एक डिग्री गेली."