वजनाचा कागद

भोसरीहून लोहगाव. नकाशात वीस किलोमीटर.
रात्री अकराला निघालेला ट्रेलर
पहाटे पावणेचारला फाटकाशी लागला.
माथ्यावर बसून भिवा कोकरे
वाटेतली एकेक केबल बांबूनं उचलत आला होता,
दोरीवरचं धुणं वर करून
आपण पलीकडे जातो, तसा.

पाण्याचं चाक. एकवीस वाट्या पोलादाच्या,
प्रत्येकीच्या मधोमध एक धार.
फोरमन घोलप त्यांना ओंजळीच म्हणतो.
सहा महिने त्यानं त्या घासल्या,
नख फिरवून पाहिल्या, पुन्हा घासल्या.
जायचंय लडाखला, एका ओढ्यावर,
जिथली खिंड बर्फानं आधीच मिटली.
म्हणून पाण्याचं चाक हवेतून.

माझं काम कागदाचं.
किती वजन, कुठे ठेवायचं,
विमानाचं नाक किती झुकेल.
कारखान्याचा दाखला सांगतो, चार हजार दोनशे तीस.
काटा सांगतो, चार हजार दोनशे त्र्याऐंशी.
"त्रेपन्न किलो म्हणजे एक माणूस," लोडमास्टर म्हणाले,
"कोण लपलंय आत?"

घोलपला फोन. तो जागाच.
"सुताराला विचारतो."
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"नाथा म्हणतो, चिडाच्या लाकडावर त्याचा भरवसा नाही.
खालची बैठक त्यानं बाभळीची केली.
काल रात्री. कुणाला न विचारता."

मी त्रेपन्न लिहिले. शेरा: बाभूळ.
साखळी एक कडी मागे घेतली.
चाक रोलरवरून आत गेलं,
घरातलं कपाट सरकवताना होतो
तेवढाही आवाज न करता.

कागदाच्या पाठीवर मी एक हिशेब मांडला, माझ्यापुरता:
इतकं इंधन जाळून हे तिथे पोचणार,
तर किती दिवस फिरल्यावर ते फिटेल?
आकडा आला. वाईट नव्हता.
चांगला आहे, असंही म्हणवेना.
घडी करून पर्समध्ये टाकला,
विजेच्या बिलाशेजारी.

उजाडताना विमान उठलं.
धानोरीच्या गच्च्यांवर कुणी मान वर केली नाही.
इथे लोकांना सवय आहे,
बोलणं तेवढं थांबवतात,
आणि आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढे.

भिवा टपरीवर बसला होता,
गार झालेला चहा हातात.
"मॅडम, माझा बांबू बघितला का?"
ट्रेलर पाहिला. काट्याची खोली पाहिली.
फाटकावर विचारलं.
मग दोघांनीही एकदमच वर बघितलं.

वेल्ह्याचा बांबू, सात हात,
टोकाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.
असेल दोन-अडीच किलो.
माझ्या कागदावर नाही.

"तिकडं तारा हायेत का?" भिवानं विचारलं.
"नसाव्यात," मी म्हटलं.
"आता येतील."