मापाची टेप

क्रीम लावू नका, अंगठी काढून या,
फोनवर सांगितलं होतं.
अंगठी निघेना. रास्ता पेठेत, दवाखान्याच्या
जिन्याखालच्या नळावर साबण लावून निघाली.

तरन्नुम म्हणाली, मावशी, हात गार आहेत,
आणि दोन्ही पंजे कोमट पाण्यात ठेवले,
नव्या कापडाला पाणी दाखवावं तसे.
मग चिकटपट्ट्या, वायरी,
मग टक्.
अंगठा उडाला. मी नव्हता उडवला.
पुन्हा टक्, कोपरापाशी, जरा जोरात.
दुखलं? नाही, दचकले.
पडद्यावर टेकडी उगवली,
डाव्या हाताची उंच,
उजव्याची बसकी, आणि उशिरा आलेली.

मग तिनं खिशातून टेप काढली.
पिवळी, टोकाला पत्रा, अगदी माझ्यासारखी.
कोपर ते मनगट, एकवीस सेंटिमीटर.
मी मनात इंच केले: सव्वाआठ.
पेनानं कातडीवर खूण.
एकतीस वर्षं मी बायकांना म्हणत आले,
श्वास सोडा, ताठ राहू नका.
आज मला कुणी म्हणालं, हात सैल सोडा.
कसा सोडायचा, ते आठवेना.

शेवटी डॉक्टर, सुई घेऊन.
सुईचं मला नका सांगू, म्हटलं,
तरी डोळे मिटले.
स्पीकरमधून खरखर आली,
भिंतीपलीकडे कुणी मशीन चालवावं तशी,
माझ्याच अंगठ्याच्या मांसातून.

रिपोर्ट गुरुवारी. दोनदा विचारलं,
दोनदा गुरुवारच म्हणाले.

घरी केंजळेबाईंचा ब्लाउज, हुकांवाचून.
मनगटावर शाईची रेघ तशीच.
कापड असतं
तर इथूनच कापलं असतं.